नांगर लोंबोकला, वावर आर्वीकडे: शिडाच्या बोटीवर राहणाऱ्या एका जोडप्याचं प्रकरण

मुलं बाहेरगावी असलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरी जाणं, त्यांची कागदपत्रं, औषधं, बँकेची कामं मार्गी लावणं, हे काम मी वर्धा जिल्ह्यात काही वर्षांपासून करते. बहुतेक घरांतली मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर अमेरिकेत असतात. मुलगा-सून शिडाच्या बोटीवर राहतात असं घर मात्र एकच भेटलं. कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत. घरी मी ज्यांना काका-काकू म्हणते, ते इथेही काका-काकूच आहेत.

पार्श्वभूमी

आर्वीच्या बाजूचं गाव. नऊ एकर वावर. त्यातलं पाच एकर काका सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, मदतीनं स्वतः करायचे. सोयाबीन, तूर आणि दोन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. उरलेलं चार एकर पुतण्याला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर कसायला दिलेलं, तेही तोंडी. काका तेव्हा 74 वर्षांचे, काकू 68 च्या. मुलगा थोरला. मुलगी अमरावतीला दिलेली, तिथं शाळेत शिक्षिका आहे.

मुलाला पाण्याचं वेड लागलं ते नागपुरात कॉलेजला असताना. एनसीसीच्या नेव्ही विंगमध्ये होता. अंबाझरी तलावात शिडाची छोटी होडी चालवायला शिकला आणि ते डोक्यातून कधी गेलंच नाही. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या वेळची वर्तमानपत्रातली कात्रणं त्यानं एका वहीत चिकटवलेली आहेत. ती वही काकूंनी मला पहिल्याच भेटीत दाखवली. मुलाचं लग्नाचं आल्बम नंतर निघालं.

सून यवतमाळ जिल्ह्यातली. दोघंही पुण्यात आयटीत होते. त्यांना मूलबाळ नाही, तो त्यांचा निर्णय. 2022 साली चाळिशीच्या उंबरठ्यावर दोघांनी नोकऱ्या सोडल्या, फ्लॅट विकला आणि मलेशियातल्या लंकावी बेटावर 36 फुटांची जुनी फायबरची बोट 26 लाखांना घेतली. लंकावी 1987 पासून करमुक्त आहे. युरोप-ऑस्ट्रेलियाकडचे कितीतरी खलाशी तिथं येऊन प्रवास थांबवतात आणि बोटी विकतात, म्हणून तिथं जुनी बोट परवडते. फ्लॅटचे उरलेले पैसे गुंतवून महिन्याला नव्वद हजारांत भागवायचं, असा त्यांचा हिशेब होता.

गावात सगळ्यांना हे फिरणं वाटायचं. सुनेनं मला जे सांगितलं ते वेगळं आहे. नांगर टाकला की मुलगा पाण्याखालचा चष्मा लावून उतरायचा आणि साखळी प्रवाळात अडकली नाही ना, हे पोहून बघून यायचा. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची. वारा असला तर सातपट. तोवर सून किनाऱ्यावरची दोन झाडं एका ओळीत धरून बघत बसायची. ओळ मोडली म्हणजे नांगर सरकतोय. दोघांत मिळून दिवसाला वीस-पंचवीस लिटर गोडं पाणी. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी फक्त एक कप गोडं पाणी फिरवायचं. “टँकरच्या गावात वाढले मी, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही,” असं ती म्हणाली.

काकांचा मुलावर राग नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसून ते व्हिडिओ कॉल करायचे आणि प्रश्न ठरलेला असायचा. “वारा कोनीकडून हाये?” पुढे याच प्रश्नातून मार्ग निघाला, म्हणून तो इथं नोंदवते.

अडचण कुठून सुरू झाली

2024 चा ऑगस्ट. जोडपं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून खाली उतरून इंडोनेशियात गेलं होतं. तिथल्या बेटांना तेव्हा कोरडा हंगाम असतो, आग्नेयेकडून एकसारखा वारा वाहतो. जावा समुद्रातल्या बावेआन बेटावरून ते लोंबोक बेटाकडे निघाले होते. वाऱ्याच्या उलट, तीन दिवसांचा टप्पा.

इकडे सकाळी सहाच्या सुमारास काका गोठ्यातल्या ओल्या फरशीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं.

काकूंनी मुलाला फोन लावला तो त्याच्या जुन्या भारतातल्या नंबरवर. काकूंच्या साध्या फोनमध्ये तोच होता. ते सिमकार्ड बोटीवरच्या खणात बंद पडून होतं. दुपारी मुलीनं व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, तोही पोचला नाही. बोटीवर उपग्रहाचं इंटरनेट होतं, गावातल्यापेक्षा चांगलं. पण बॅटऱ्या उतरल्या म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं, कारण आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राला वीज हवी होती. निरोप वाचला गेला तो एकतीस तासांनी.

तोपर्यंत मुलगी अमरावतीहून निघून वर्ध्याच्या दवाखान्यात पोचली होती. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर, साधारण दोन दिवसांत व्हावी असं डॉक्टर सांगतात, कारण म्हातारा माणूस पडून राहिला की छातीत कफ साठतो, रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. फॉर्मवर सही मुलीनं केली. पैसे तिनं भरले. रजा तिनं घेतली. मुलगा आला तो शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी.

माझ्याकडे हे घर आलं ते काका घरी परतल्यावर, मुलीच्या फोनमुळे. पहिल्या बैठकीत ती भावासमोर एकच वाक्य बोलली. “दादाले समुद्र भेटला, मले दवाखाना भेटला.” त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. काकू उठून चहा ठेवायला गेल्या.

पहिला निर्णय: बोटीवर कोण राहणार

हा निर्णय दोघांनी लोंबोकला पोचल्यावर तासाभरात घेतला. दोघं आले असते तर बोट निर्मनुष्य राहिली असती. उत्तर किनाऱ्यावर बोटी बांधून ठेवायची सोय आहे, तळाशी सिमेंटचं वजन आणि त्याला दोर. पण ऑगस्टात वारा जोराचा, आणि माणूस नसताना नुकसान झालं तर विमा कंपनी हात वर करेल अशी अट पॉलिसीत होती. म्हणून मुलगा लोंबोक-क्वालालंपूर-चेन्नई-नागपूर असा एकटा आला आणि सून बोटीवर राहिली. आठ-दहा दिवस, असं ठरलं होतं. ती पाच आठवडे एकटी राहिली.

एका रात्री तिला जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. दोर रोज करकरायचा, त्या रात्री थाडथाड आपटत होता. डोक्याला टॉर्च बांधून ती पुढच्या टोकाला गेली. दोर जिथं कडेवरून वाकतो तिथं घासून त्याचा एक पीळ तुटला होता आणि कापसासारखा फुलला होता. तिनं इंजिन सुरू करून बोट हळू पुढे घेतली, ताण कमी केला, दुसरा दोर ओवला, घासण्याच्या जागी पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला आणि उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिली. हे तिनं नवऱ्याला आठवड्यानंतर सांगितलं. “तो तिथं बाबांचं करत होता, त्यात आणखी हे कशाला,” असं तिचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर बोटीवर एकानं थांबणं बरोबर होतं. चूक मुदतीत झाली. दहा दिवसांनी पुन्हा विचार करू, असं कोणी म्हटलंच नाही आणि दिवस वाढत गेले.

घरात काय सापडलं

बोटीवर एक यादी आहे, प्लास्टिकच्या पाकिटात, पायऱ्यांच्या बाजूला चिकटवलेली. बोट सोडून जाताना काय काय करायचं: तळाचे सगळे कॉक बंद, गॅस बंद, पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो ना ते तपासायचं, कोणती चावी कुठे, सुटे भाग कुठल्या खणात. अनोळखी माणूस आला तरी बोट सांभाळू शकेल इतकी नीट यादी.

घरात होती ती एक रेक्झिनची पिशवी, लोखंडी पेटीत, वर लुगडं घातलेलं. काकांशिवाय तिला कोणी हात लावत नसे. मुलानं ती माझ्यासमोर खाटेवर रिकामी केली. सातबारा, आठ-अ, पीककर्जाचं पासबुक, कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या, 2011 ची एक पावती, आणि एका वहीत पुतण्याच्या ठोक्याचा हिशेब, निम्मा खोडलेला. बँक खातं एकट्या काकांच्या नावावर. काकूंना एटीएमचा पिन माहीत नव्हता. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, म्हणजे ओटीपी येणार नाही.

वावराची हालत त्याहून नाजूक. सालदार पोळ्यापर्यंत थांबला आणि निघून गेला. पुतण्यानं धावून येऊन दोन फवारण्या केल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग घरच्यांच्या मनात शंका की हा जमिनीवर हक्क तर सांगणार नाही? विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे आणि ‘कुळ लागेल’ ही भीती गावोगाव जिवंत आहे. त्या भीतीपायी ठोका लिहून ठेवत नाहीत, आणि लिहिलेलं नसलं की संशय वाढतो. इथं पुतण्याच्या मनात काही नव्हतं हे मी त्याच्याशी बोलून सांगते. पण तेवढ्या दोन महिन्यांत दोन्ही घरांतलं बोलणं कमी झालं.

आणि एक चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. ई-पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतः करायची असते. वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घेऊन नोंदवायचं. पुतण्यानं त्याच्या चार एकरांची केली. काकांच्या पाच एकरांची दरवर्षी काकाच त्याच्याकडून करून घेत. त्या वर्षी काका खाटेवर होते. मुलाला हे काम असतं हेच माहीत नव्हतं. सोयाबीन निघाल्यावर हमीभावाच्या खरेदीसाठी नोंद करायला गेले तेव्हा सातबारावर पीकच नाही. त्या हंगामात हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता. 28 क्विंटल व्यापाऱ्याला 4150 नं द्यावं लागलं. वीस हजारांच्या वर फटका, एका न काढलेल्या फोटोपायी.

कोणते पर्याय होते

बोट विकून गावी परत यायचं, हा पर्याय गावानं परस्पर ठरवूनच टाकला होता. मुलगाही तयार झाला होता, अपराधीपणानं. मी त्याला घाई करू नको म्हटलं. ऑगस्टात, मालक हजर नसताना, इंडोनेशियात उभी असलेली बोट विकायला काढली तर मातीमोल जाते. आणि अपराधी वाटतंय म्हणून परत आलेला मुलगा वर्षभरात घरात धुसफुसायला लागतो, हे मी इतर घरांत पाहिलं आहे.

काका-काकूंनी अमरावतीला मुलीकडे जावं, हा दुसरा. दोन खोल्यांचं घर, तिच्या सासूबाई तिथंच. काकूंनीच मान हलवली. “लेकीच्या दारात वावर कुठून दिसन?”

तिसरा, चोवीस तासांची बाई ठेवायची आणि प्रवास चालू. पैशाचा प्रश्न नव्हता, माणसाचा होता. आर्वीच्या आसपासच्या खेड्यात रात्री मुक्कामी राहणारी, रुग्णाचं करता येणारी बाई मिळवायला आम्हाला सात आठवडे लागले, आणि जी मिळाली ती फक्त दिवसा येणारी.

चौथा पर्याय काकांनी सुचवला. वॉकर धरून ओट्यावर यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. मुलानं सांगितलं की इंडोनेशियात एप्रिल ते ऑक्टोबर फिरायचा हंगाम असतो. काका म्हणाले, “मंग आपल्या खरिपाच्या आडवाच येते तो.” मग विचारलं, “अन् जिथून बोट घेतली तिथं?”

लंकावीला आणि थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्याला आपलाच नैऋत्य मोसमी वारा लागतो. मे ते ऑक्टोबर पाऊस, उधाण, बोटी आडोशाला. डिसेंबर ते एप्रिल कोरडा ईशान्य वारा, शांत पाणी, फिरायचे दिवस. म्हणजे ज्या महिन्यांत आर्वीकडे पेरणी, डवरणी, फवारणी, काढणी असते, त्याच महिन्यांत तिकडे बोट काठावर ठेवावी लागते. तूर-कापूस घरात येऊन काम ओसरतं तेव्हा तिकडचा समुद्र उघडतो. मुलानं वाऱ्यांचे नकाशे दोन वर्षं रोज पाहिले होते. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहायचं मात्र काकांना सुचलं.

काय केलं

मुलगा सप्टेंबरअखेर लोंबोकला गेला. तिथून लंकावी साधारण तेराशे सागरी मैल. विषुववृत्तापर्यंत आग्नेय वारा पाठीशी होता. पुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटेची ‘सुमात्रा’ वादळं, तरंगते ओंडके, कोळ्यांची जाळी आणि मोठ्या जहाजांची रांग, म्हणून दिवसा इंजिनवर चालायचं आणि रात्री नांगर टाकायचा. नोव्हेंबरच्या मध्यात पोचले.

निघण्याआधी घरची कामं झाली. काकांनी मुलीच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र केलं, बँक आणि शेतीच्या कामांपुरतं. विक्रीचा अधिकार त्यात घातला नाही. मुखत्यारपत्र मुलाच्या नावे करावं असं नातेवाईक म्हणत होते. मी मुलीसाठी भांडले, कारण सही जिथं लागते तिथं तीच पोचते. बँक खातं काका-काकूंपैकी कोणीही चालवू शकेल असं केलं. आधारचा नंबर काकूंच्या मोबाइलचा. मुलाचं भारतातलं सिम रिचार्ज करून रोमिंगवर कायम चालू. लांबच्या टप्प्यावर असताना सकाळी आणि संध्याकाळी दहा मिनिटं इंटरनेट उघडायचंच, बॅटरी कितीही उतरो.

ठोका बंद केला. नऊच्या नऊ एकर घरच्या नावानं करायचे आणि पुतण्याला देखरेखीचा ठरलेला पगार, महिन्याच्या महिन्याला बँकेतून. पुतण्या सुरुवातीला रुसला, त्याचं उत्पन्न कमी होत होतं. दोन बैठका लागल्या. तुरीत त्याला वाटा ठेवला तेव्हा जमलं.

आणि यादी. सुनेनं व्हिडिओ कॉलवर काकूंना एकेक विचारत ती लिहून घेतली, मुलीनं मोठ्या अक्षरात उतरवली. ई-पीक पाहणी कधी आणि कोण करणार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या की आणायच्या, पीककर्ज कधी नवं-जुनं करायचं, मोटार बंद पडली तर कोणाला बोलवायचं. ती आज देवघराच्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटात आहे.

आज काय स्थिती आहे

2025 च्या मे महिन्यात बोट पट्ट्यांच्या क्रेननं उचलून काठावर ठेवली. शिडं उतरवली, तळाची शिंपली खरवडली. जूनमध्ये दोघं गावात. त्या खरिपात पावसानं सोयाबीन मारलंच, पण ई-पीक पाहणी झाली होती, पीक कागदावर होतं. डिसेंबरात दोघं परत गेले. काका काठीवर चालतात, धुऱ्यापर्यंत जातात, त्यापुढे नाही. जाण्यायेण्याचा आणि बोट ठेवण्याचा मिळून वर्षाचा खर्च दोन लाखांनी वाढला. तो भागवायला मुलगा गावात असताना घरून कंत्राटी काम करतो.

मुलीचं मन अजून पूर्ण निवळलेलं नाही. जूनमध्ये भाऊ आल्यावर ती पंधरा दिवस कुठेही निघून जाते आणि फोन उचलत नाही. हे ठरवून घेतलेलं आहे आणि भाऊ ते पाळतो.

वेगळं काय करता आलं असतं

बोट घ्यायच्या आधी त्यांनी दीड वर्ष तयारी केली. इंजिन शिकले, प्रथमोपचार शिकले, रेडिओचा परवाना काढला. त्यातला एक आठवडा रेक्झिनच्या पिशवीला दिला असता तर पुढचं निम्मं टळलं असतं. हे मी मुलालाही म्हटलं आहे. मुलीशी पैशाचं आणि रजेचं बोलणं आधी व्हायला हवं होतं. ती जवळ आहे म्हणून तीच करेल, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, काकूंनीसुद्धा.

माझी चूक सुनेबाबत झाली. पहिल्या तीन बैठका मी काका, काकू, मुलगा, मुलगी आणि पुतण्याबरोबर घेतल्या. ती तेव्हा लोंबोकला बोटीवर एकटी होती आणि तिच्याकडे इंटरनेट होतं. तिला जोडून घेणं मला सुचलं नाही. लंकावीला परतायचा निर्णय तिला कळवला गेला, विचारला गेला नाही. तिला पूर्वेला जायचं होतं. इंडोनेशियातलीच फ्लोरेस, राजा अंपत ही बेटं, जमलं तर पुढे प्रशांत महासागर. नकाशावर तिनं पेन्सिलनं रेघ काढून ठेवली होती. चौथ्या बैठकीत मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “निर्णय बरोबर आहे. पण माझं काय गेलं ते कोणीतरी लिहून ठेवा.” म्हणून ते इथं लिहिलं आहे.

एक काम राहिलं आहे. काकांचं मृत्युपत्र झालेलं नाही. विषय काढला की ते वाऱ्याची दिशा विचारतात. येत्या जूनमध्ये मुलगा-सून आले की पेरणीच्या आधी, मुलीच्या रजेची तारीख बघून, पाचही जण आणि पुतण्या असे एकत्र बसणार आहेत. या वेळी सुनेला बैठकीची तारीख सगळ्यात आधी कळवली आहे.